कोंड्यातला रंग

श्रावण संपत आला की रायपूरच्या गोल बाजारात चार-आठ दिवस एक वेगळाच तांदूळ दिसू लागतो. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका टोपलीत किंवा पोत्याच्या तुकड्यावर त्याचे छोटे छोटे ढीग मांडून बसतात. दाणा तांबूस, कुठे फिका तर कुठे गडद. भाव रोजच्या तांदळाच्या कितीतरी वर. हा पसहर चाऊर. तळ्याच्या कडेला, पाणथळ डबऱ्यात आपोआप उगवणारा जंगली भात. श्रावण वद्य षष्ठीला, म्हणजे इथल्या पौर्णिमान्त पंचांगाप्रमाणे भाद्रपदात, छत्तीसगढी आया मुलांसाठी कमरछठचा उपास धरतात. त्या दिवशी नांगरलेल्या शेतातले काही खायचे नाही, गाईचे दूध-दही घ्यायचे नाही. पसहरचा भात, म्हशीचे दही आणि सहा भाज्या, एवढ्यावर उपास सुटतो.

पुढच्याच पंधरवड्यात आमच्या घरी ऋषिपंचमी असायची. बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा आपला नेम. कोकणात त्यासाठी देवभात शोधतात. रायपुरात आई कमरछठच्या बाजारातूनच पावशेर पसहर जास्त आणून ठेवायची. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी घरे छत्तीसगढात आहेत आणि दोन मुलखांचे सण एकाच डब्यातल्या तांदळावर भागवणे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. तो तांदूळ धुताना पाणी तांबडे व्हायचे. मी आईला विचारले होते की हा रंग कशाचा. ती म्हणाली, कोंड्याचा. पुढे आयुष्यभर मुलांना रसायनशास्त्र शिकवले, पण त्या एका शब्दापेक्षा नेमके उत्तर मला अजून सापडलेले नाही. हे पुस्तक त्या उत्तराचा विस्तार आहे.

तांदळाच्या दाण्याचा आतला भाग जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो आणि तो सगळ्या जातींत पांढराच असतो. रंग असतो तो फोल काढल्यावर दिसणाऱ्या पातळ आवरणात, काही मोजक्या पेशींच्या थरांत. काळ्या तांदळात, उदाहरणार्थ मणिपूरच्या चाखाओमध्ये, या आवरणात अँथोसायनिन भरलेले असते. त्यातले मुख्य द्रव्य सायनिडिन-३-ग्लुकोसाइड. जांभूळ खाल्ल्यावर जिभेवर बसतो आणि कोकमाच्या आगळाला येतो तो रंग याच कुळातला. काळा तांदूळ भिजवलेल्या पाण्यात लिंबू पिळले तर ते गुलाबी होते, चिमूटभर सोडा टाकला तर निळे-हिरवे होते. रॉबर्ट बॉइलने सतराव्या शतकात व्हायोलेट फुलांच्या सरबतावर हेच पाहिले होते आणि आम्ल-अल्क ओळखण्याची रीत त्यातून निघाली. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी रिखार्ड विल्स्टेटर यांना १९१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान प्रामुख्याने हरितद्रव्यासाठी होता, पण त्यांनी फुला-फळांतल्या अँथोसायनिनचीही उकल केली.

लाल तांदळाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा रंग प्रामुख्याने प्रोअँथोसायनिडिनचा, म्हणजे टॅनिनच्या एका प्रकाराचा. छोटे रेणू एकमेकांत गुंतून लांब साखळ्या होतात, दाणा पिकत जाताना त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि तांबूस-तपकिरी रंग चढतो. आम्लात उकळल्यावर या साखळ्या तुटून अँथोसायनिडिन मोकळे होते, म्हणून त्यांचे नाव तसे. कच्च्या जांभळाने आणि सुपारीने तोंड ओढून येते ते टॅनिनमुळेच. बाजारातल्या पाकिटांवर लाल आणि काळ्या तांदळाचे गुण सर्रास एकत्र छापलेले असतात. दोघांची द्रव्ये निराळी आहेत, शरीरातला त्यांचा प्रवास निराळा आहे, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवणे चूक आहे. पुढच्या प्रकरणांत हा भेद मी पुनःपुन्हा सांगितला आहे. वाचकाला तो कंटाळवाणा वाटला तरी चालेल.

जंगली भात लालच असतो. मग आपल्या ताटातला पांढरा कुठून आला? याचे उत्तर २००६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दिले. भाताच्या सातव्या गुणसूत्रावर ‘आरसी’ नावाचे जनुक आहे. आवरणात रंग तयार करण्याचा हुकूम तेच देते. त्यातली डीएनएची अवघी चौदा अक्षरे गळली की हुकूम अर्धवट राहतो आणि दाणा पांढरा होतो. जगातल्या बहुतेक सगळ्या पांढऱ्या तांदळांत हीच चौदा अक्षरांची गळती आढळते. म्हणजे कुठल्या तरी शेतात एकदा झालेली चूक माणसाला आवडली, त्याने ती जपली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती हातोहात जगभर गेली. पांढरे भात शिजायला सोपे, दिसायला स्वच्छ. त्यातला कमीपणा कुणाला दिसण्याचे कारणच नव्हते.

छत्तीसगढच्या शेतकऱ्याला मात्र हा लाल पूर्वज रोज भेटतो, आणि तो काही त्याचे कौतुक करत नाही. शेतात घुसलेल्या जंगली भाताला इथे करगा म्हणतात. तो कापणीच्या आधीच दाणे झाडतो, ते जमिनीत पडून राहतात आणि पुढच्या साली पुन्हा उगवतात. इथे बियासीची पद्धत जुनी आहे. भात फेकून पेरायचा आणि महिना-सव्वा महिन्याने उभ्या पिकातच हलका नांगर फिरवायचा. ओळी नसलेल्या अशा शेतात कोवळा करगा आणि कोवळे भात यांत फरक ओळखता येत नाही. निंदणी करणाऱ्या बाईने उपटायचे काय आणि ठेवायचे काय? रायपूरच्या भातशास्त्रज्ञांनी त्यावर रंगाचाच उपाय काढला. श्यामला नावाच्या वाणाची पाने जांभळी असतात. शेतात श्यामला पेरले की जे जांभळे ते आपले आणि जे हिरवे ते करगा. अँथोसायनिनचा माणसाला झालेला याहून सरळ, याहून निःसंशय उपयोग मला दुसरा माहीत नाही. आरोग्याच्या गोष्टीकडे वळण्याआधी तो सांगावासा वाटला, कारण इथे दावा आणि पुरावा दोन्ही एकाच बांधावर उभे आहेत.

आता या पुस्तकातल्या मूळ विषयाकडे. त्यासाठी एका माणसाचे नाव आधी घ्यायला हवे. डॉ. राधेलाल हरेलाल रिछारिया हे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे १९५९पासून संचालक होते. परदेशी बुटक्या जाती घाईने आणण्याला त्यांनी विरोध केला आणि त्यापायी १९६६ साली त्यांना पद सोडावे लागले. १९७०च्या दशकात रायपूरच्या भात संशोधन संस्थेत त्यांनी पुन्हा काम उभे केले. छत्तीसगढच्या गावागावांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतरा हजारांहून अधिक भाताचे नमुने गोळा केले आणि प्रत्येकासोबत शेतकरी काय सांगतो तेही टिपून ठेवले. कुठला भात बाळंतिणीला द्यायचा, कुठला संधिवातावर, कुठला कातडीच्या विकारावर. पुढे ही रायपूरची संस्था बंद पडली. गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी १९८६ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’त हे सगळे प्रकरण मांडले तेव्हा देशाला त्याची ओळख झाली. रिछारिया १९९६ साली गेले. त्यांचा संग्रह आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आहे. १९८७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या जनुकपेढीत आता तेवीस हजारांहून अधिक भातांची नोंद आहे. एका शहरात एवढे भात जपलेले असण्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

या संग्रहातली तीन नावे गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत आली: गठुवन, महाराजी आणि लायचा. लोकपरंपरेत गठुवन सांध्यांच्या दुखण्यावर, महाराजी बाळंतपणानंतरच्या अशक्तपणावर, लायचा त्वचेच्या विकारांवर देतात. कृषी विद्यापीठ आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी मिळून त्यांचा अभ्यास केला. या दोन संस्थांचे भातावर जुने सख्य आहे. उंच वाढून आडवा होणाऱ्या सुगंधी दुबराजवर किरणोत्साराचा प्रयोग करून ठेंगणा दुबराज काढला तो त्यांनीच. या वेळी त्यांनी तिन्ही तांदळांचे अर्क मानवी फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर तपासले. पेशींची वाढ रोखली गेली आणि लायचाचा परिणाम सगळ्यांत ठळक दिसला.

काम चांगले आहे आणि पुढे जायला हवे. पण बातमी रायपूरच्या घरांत पोहोचेपर्यंत तिचे ‘कर्करोग बरा करणारा तांदूळ’ झाले. माझ्या ओळखीच्या एका घरात त्या बातमीचे कात्रण फ्रिजवर चिकटवलेले मी पाहिले आहे. घरातल्या बाईंचे केमोथेरपीचे दोन फेरे झाले होते, तिसऱ्याला त्या जायला तयार नव्हत्या आणि कुठून तरी लायचा मिळवून द्या म्हणून सगळ्यांच्या मागे लागल्या होत्या. त्यांच्या लेकीने मला बोलावले ते ‘तुम्ही केमिस्ट्रीच्या, तुमचे ऐकतील’ म्हणून. तासभर बोललो. त्या ऐकून घेत होत्या आणि मधूनमधून कात्रणाकडे बघत होत्या. शेवटी त्या उपचाराला गेल्या, पण तीन आठवडे उशिरा. हे पुस्तक लिहायला मी त्याच आठवड्यात बसले.

त्या दिवशी त्यांना जे सांगितले ते इथे थोडक्यात सांगते. काचेच्या तबकडीतली पेशी उघडी असते. तिच्यावर अर्क थेट पडतो, हवा तेवढा दाट पडतो. असा अर्क म्हणजे एकटे रंगद्रव्यही नसते. त्यात फेनॉलिक आम्ले असतात, फ्लेव्होनॉइड असतात, कोंड्यातले गॅमा-ओरायझनॉल असू शकते. ताटातल्या भाताला मात्र तोंड, जठर, आतडे, यकृत असे सगळे नाके ओलांडावे लागतात. अँथोसायनिनचा फार थोडा अंश मूळ रूपात रक्तात पोहोचतो. बाकीच्याचे आतड्यातले जिवाणू तुकडे करतात आणि जे काही फायदे होत असतील त्यांत या तुकड्यांचा वाटा मोठा असावा, असे आता मानले जाते. लाल तांदळातल्या टॅनिनच्या लांब साखळ्या तर जवळपास शोषल्याच जात नाहीत. त्यांचे काम आतड्यातच चालते. पिष्ट पचवणाऱ्या विकरांना त्या काही प्रमाणात अडवतात. न सडलेला लाल भात पोटात जास्त वेळ टिकतो, साखर सावकाश सोडतो, याचे एक कारण हे आणि दुसरे साधे कारण म्हणजे कोंड्यातले तंतू. मधुमेह असलेल्या माणसाला याचा उपयोग आहे, पण भात तो भातच. वाडगाभर लाल भात खाल्ला तर साखर वाढणारच, फक्त जरा हळू. शिवाय टॅनिन आणि कोंड्यातले फायटिक आम्ल लोह धरून ठेवतात. ज्या घरात बायकांचे हिमोग्लोबिन कमी आहे तिथे लाल भाताबरोबर लिंबू, आवळा, चिंच असावी. आपल्या आज्या तशी ती ठेवतच होत्या.

रंगद्रव्यांनी वैद्यकाला एकदा चांगलाच धडा शिकवलेला आहे. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन कर्करोग टाळेल अशी शास्त्रज्ञांची खात्री होत आली होती, कारण ज्यांच्या आहारात ते जास्त त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असे पाहणीत दिसत होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. तेच द्रव्य गाजरात असताना कुणाचे वाईट करत नव्हते. म्हणून अमेरिकेतल्या ९३,६०० परिचारिकांच्या अठरा वर्षांच्या पाहणीत, जास्त अँथोसायनिन खाणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका ३२ टक्क्यांनी कमी दिसला, हे २०१३ सालचे निष्कर्ष मी आनंदाने वाचते पण त्यावरून गोळी घ्या म्हणून सांगत नाही. त्या बायका स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी खात होत्या, अर्क नव्हे. शिवाय फळे खाणारा माणूस बहुधा इतरही बऱ्याच गोष्टी नीट करत असतो. रंगीत तांदळाबद्दल माझे मत तेच आहे. अन्न म्हणून तो पांढऱ्यापेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही. चरकसंहितेने शूकधान्यांत लाल साळीला पहिला मान दिला तो पथ्य म्हणूनच. औषध म्हणून त्याला अजून माणसांवरच्या चाचण्यांतून जायचे आहे.

आणि समजा, उद्या गेला. लायचातले एखादे द्रव्य खरोखरच औषध ठरले. मग ते कुणाचे? हा प्रश्न हवेतला नाही. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपीच्या विद्यापीठाला पेटंट मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानले, जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले, आणि १९९७ साली दावे फेटाळले गेले. तेव्हा हळदीच्या बाजूने लिहिलेले काहीतरी होते. पसहर विकणाऱ्या बाईचे ज्ञान कुठे लिहिलेले आहे? रायपुरात २००२ साली सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी कृषी विद्यापीठाचा करार होऊ घातला होता. रिछारियांचा संग्रह तिच्या हाती जाणार म्हणून शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस कंपनी मागे हटली. त्या आंदोलनामुळे आज आपण लायचावर आपल्या संस्थांत, आपल्या अटींवर काम करू शकतो.

बियाणे शाबूत राहिले, पण शेत बदलले. छत्तीसगढ सरकार धान क्विंटलला ३,१०० रुपयांनी आणि एकरी एकवीस क्विंटलपर्यंत विकत घेते. शेतकऱ्याला याचा मोठा आधार आहे आणि त्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिणार नाही. पण खरेदी केंद्रावर धान घेतले जाते ते जाड, बारीक, सरना अशा वर्गाने आणि वजनाने. तिथे रंगाला रकाना नाही. म्हणून स्वर्णा, महामाया, एमटीयू-१०१० ही भरघोस उतरणारी पांढरी भाते पसरली आणि एकरात निम्मे उतरणारे लाल भात घरच्या कोपऱ्यात, देवाच्या नावाने, ओंजळभर उरले. उरलेले काम गिरणी करते. शंभर किलो धानातून सदुसष्ट किलो तांदूळ सरकारजमा होतो. घासून निघालेला कोंडा तेल काढणाऱ्या कारखान्यांत जातो आणि तेल निघाल्यावरची पेंड गुरांना. लाल भात अशा गिरणीत घातला तर बाहेर पांढराच पडतो. मग काढा किती संशोधनपत्रे काढायची ती! रंग आधीच गुरांच्या गव्हाणीत गेलेला असतो. सिंधुदुर्गात लाल तांदळाची पेज अजून टिकून आहे, गोव्याच्या खाजण जमिनीत खाऱ्या पाण्यात तगणारा लाल कोरगुट टिकून आहे, कारण तिथल्या लोकांना त्याची चव हवी आहे. औषधी गुणांच्या जाहिरातीने कुठलेही वाण दहा वर्षे तगलेले मी पाहिलेले नाही. जेवणाऱ्याच्या आवडीने तगलेली पुष्कळ आहेत.

म्हणून या पुस्तकात रसायनशास्त्राइतकीच पाने मी स्वयंपाकाला दिली आहेत. लाल तांदूळ किती वेळ भिजवायचा, बोरे-बासी त्याची कशी लागते, फरा आणि चीला त्याचे कसे होतात, पसहरला पाणी किती. जात्यावर किंवा ढेकीवर सडलेल्या तांदळात किती रंग राहतो ते घरच्या घरी कसे बघायचे, हेही दिले आहे. ज्यांना रेणूंच्या आकृत्या नकोत त्यांनी दुसरे आणि तिसरे प्रकरण सोडून दिले तरी चालेल. चौथे मात्र सोडू नये. कर्करोग, मधुमेह, रक्तदाब यांवरचे उपचार चालू असलेल्यांसाठी ते आहे आणि त्यात पहिल्याच ओळीत लिहिले आहे की कुठलाही तांदूळ खा, औषध डॉक्टरांना विचारल्याखेरीज थांबवू नका.

एक मागणे आहे. तुमच्या गावी, मामाकडे, सासरी, कुणाच्या कोठीत लाल किंवा काळ्या भाताचे जुने बियाणे असेल तर त्याचे नाव विचारून घ्या. कुठल्या जमिनीत येते, किती दिवसांत येते, कुणाला आणि कशासाठी देतात, हे त्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या शब्दांत लिहून ठेवा. खाली तिचे नाव आणि गाव लिहा. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ सालचा आहे आणि त्याखाली शेतकऱ्याला आपले वाण शुल्क न भरता नोंदवता येते. आणि मूठभर बियाणे मागून आणून पुढच्या पावसात पेरा. डब्यात ठेवलेले भात दोन-तीन वर्षांत उगवायचे थांबते.